दिव्यापाशी ठेवलेला हिरा

भागीरथीच्या कानांतले हिरे हरभऱ्याएवढे होते आणि हरभऱ्याइतकेच चमकायचे. हे वाक्य माझं नव्हे, तिचंच. लग्न होऊन ती तंजावरच्या मेलवीधीतल्या त्या घरात आली तेव्हापासून ती हे मनातल्या मनात म्हणत आली होती. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण हिरे सासूच्या आईचे. जुन्या घडणीचे, मागून चांदीचा पत्रा ठोकून बंद केलेले. सासू वेंकूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "थोरल्या सुनेच्या कानांत माझ्या आईचे हिरे घातले आमी." ऐकणारे माना डोलवायचे. भागीरथीही डोलवायची. मान डोलली की हिऱ्यांनी लखलखावं ही जगाची रीत. तिचे आपले ढिम्म.

दुसऱ्या एखादीला हे कळलंही नसतं आणि ती सुखानं नांदली असती. पण भागीरथी त्रिचीची. तिथे तेव्हा घरोघरी खोट्या हिऱ्यांना पैलू पाडायचं काम चालायचं. तिच्या माहेरासमोरच्या ओसरीवरही एक चाक होतं. शाळेतून आली की पाटी टाकून पोरगी त्या चाकापुढे बसायची. बघून बघून तिला एक गोष्ट कळली होती. दगड खोटा असला तरी चालतो, पैलू खरे लागतात. वरून आत शिरलेला उजेड दोन भिंतींवर आपटून आल्या दारानं परत आला पाहिजे. खालून गळून गेला की दगड मेला. मग तो केवढाही असो आणि कुणाच्याही आईचा असो.

एकोणसाठ साली तिचा धाकटा दीर गोपालकृष्ण याचं लग्न ठरलं. गोपालकृष्ण दिल्लीत सरकारी नोकरीत. मुलगी ओरत्तनाडूची, नागलक्ष्मी. वडील तिथल्या तालुका कचेरीत, मुलगी इंटर पास, वीणा वाजवणारी. सगळं ठरल्यावर गोपालकृष्णानं घरी लिहिलं की निश्चयाच्या दिवशी मुलीच्या बोटात एका हिऱ्याची अंगठी घालायची. दिल्लीत तशी पद्धत आहे.

आम्हां तंजावरकर मराठ्यांकडे ही पद्धत नव्हती. आमच्याकडे निश्चयाला अंगठी मिळते ती मुलाला, आणि मुलीचे हिरे कानात नाहीतर नाकात. बोटात एकटा दगड घालून बाईमाणसानं करायचं काय, चिंच कोळायची? वेंकूबाई एवढं तरी म्हणतील अशी भागीरथीची खात्री होती. कॉफीच्या टंबळरला पोचा आला तर दोन दिवस बोलणारी बाई ती! पण वेंकूबाई चष्मा काढून म्हणाल्या, "सरी. पोराची हौस आहे. करूं."

तेव्हा भागीरथीच्या नाकाला पहिली मिरची झोंबली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात. ही तर अजून आलीही नव्हती.

मग बोटाचं माप घ्यायला म्हणून नागलक्ष्मी आईबरोबर आली. माप घ्यायचं काम भागीरथीकडे. तिनं दोरा गुंडाळला तर त्या बोटावर तो किती थोडा लागला! गोरं, निमुळतं, वीणेच्या तारेनं टोकाशी जरासं घट्ट झालेलं बोट. भागीरथीची बोटं रोज इडलीचं पीठ वाटून वाटून पेरांपाशी जाड झालेली. दोऱ्याला गाठ मारताना तिनं ती पदराआड घेतली.

"अक्का, मला ह्यांतलें कांहीं कळत नाहीं," नागलक्ष्मी हळूच म्हणाली. "तुमी पाहून घ्याल नव्हे? मग मला काळजी नाहीं."

धाकटी जाऊ थोरलीला अक्का म्हणते, त्यात काही नवल नाही. पण ही लग्नाआधीच म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. आगाऊ असती, नकटी असती, निदान बेसूर तरी असती तर बरं झालं असतं. राग धरायला एक खुंटी मिळाली असती. भागीरथीनं दोरा कागदात गुंडाळून ठेवला आणि "पाहतें" म्हणाली.

शुक्रवारी सकाळी त्यागराज चेट्टियार आले. हिऱ्यांची दलाली करणारे, आमच्या आळीतल्या बहुतेक कानांना त्यांचीच ओळख. उत्तरेकडच्या खिडकीखाली पांढरा पंचा अंथरून त्यांनी कागदाच्या तीन पुड्या सोडल्या. तीन दगड. वेंकूबाई भिंग घेऊन पुढे सरसावल्या. दगडात त्या एकच गोष्ट बघायच्या, दोष. काळा ठिपका आहे का, कावळ्याच्या पायासारखी चीर आहे का, लाल डाग आहे का. तिसऱ्या दगडात ठिपका निघाला, तो त्यांनी विंचू ढकलावा तसा ढकलला. उरले दोन, एक चांगला मोठा, एक त्याच्या निम्मा वाटावा असा.

"दोनांतही दोष नाहीं. मग मोठाच घेऊं," वेंकूबाई म्हणाल्या. "चार माणसांत दिसला पाहिजे."

चेट्टियार म्हणाले, "दोन्ही माझीच मुलं, अम्मा. मी कुणाची बाजू घेऊ?"

भागीरथीचा नवरा प्राणेश झोपाळ्यावर कॉफी पीत बसला होता. तो पापनाशमला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत होता आणि रोज बसनं जायचा. घरात तो फार बोलत नसे. बोलला की मोजकं आणि बहुधा नको त्या वेळी. आताही तसंच झालं.

"भागीरथीस विचार कीं, अम्मा. ती त्रिचीची."

त्या वेळी ती तोंड मिटून बसली असती तर मोठा दगड घरात आला असता, वेंकूबाई खूश, दिल्लीवाला खूश, आणि मला सांगायला गोष्ट उरली नसती. पण कुणी कधी विचारत नाही ते आज चारचौघांत विचारलं होतं. ज्याला ज्याचा डोळा आहे त्याला तो मिटून धरवत नाही. ती पुढे झाली.

तिनं कालचं तमिळ वर्तमानपत्र मागवलं. मोठा दगड उलटा, टोक वर करून, छापील ओळीवर ठेवला. दगडातून खालची अक्षरं सरळ वाचता येत होती. भाताच्या भावाची ओळ होती, तिनं ती वाचूनच दाखवली. मग लहान दगड त्याच ओळीवर तसाच ठेवला. भात नाही, भाव नाही, अक्षराचा मागमूस नाही. आत नुसता पांढरा कल्लोळ.

"मोठ्यांतून उजेड खालीं गळतो," ती म्हणाली. "पसरट कापला आहे, वजन राखायला." तिनं मोठा दगड सुलटा करून सासूपुढे धरला. "मधें पाहा आत्या. राखाडी वर्तुळ दिसतें? बाजारांतल्या शिळ्या माशाचा डोळा असतो तसें." सासूला आत्या म्हणायची आमच्याकडची जुनी रीत. मासळीबाजारात पाऊल न टाकलेल्या त्या बाईला ही उपमा मुळीच रुचली नाही, पण वर्तुळ दिसलं.

मग तिनं लहान दगड चिमटीत घेतला आणि अंगणाच्या कडेला, जिथे ऊन उतरलं होतं तिथे नेला. किंचित वळवला. तिच्या मनगटावर, पदरावर, खांबावर उजेडाचे तुकडे सांडले. पुन्हा वळवला. दगडाच्या पोटात काळोख म्हणून कुठे नव्हता, आणि पैलूला पैलू असा भिडलेला की रेषेला रेषा चुकत नव्हती. ती बघत राहिली. स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला तरी तिला हलवेना. सगळं आयुष्य तिनं खोटे दगड चांगले कापलेले पाहिले होते आणि खरे दगड वाईट कापलेले वापरले होते. खरा आणि चांगला कापलेला हातात पहिल्यांदाच आला होता.

"हा," ती म्हणाली.

"लहान दिसतो गे," वेंकूबाई कुरकुरल्या.

"लहान आहे, जिवंत आहे. तो मोठा मेला आहे."

चेट्टियारांनी हसून मोठ्या दगडाची पुडी बांधली. "तुमच्या सुनेला फसवता येणार नाही, अम्मा," ते म्हणाले. वेंकूबाईंना आता मोठ्यासाठी अडून बसणं बरं दिसेना. त्यांनी लगेच शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमच्या थोरलीस डोळा आहे हो!" भागीरथीचा चेहरा उजळला. बसची वेळ झाली म्हणून प्राणेश उठला, पण जाताना एकदा वळून तिच्याकडे बघून गेला.

तो आनंद दुपारचे तांदूळ धुवेपर्यंत टिकला. पाणी ओतता ओतता तिच्या लक्षात आलं की तिनं काय केलं. जन्मात एकदा असा दगड हाती आला, आणि तो आपल्या तोंडानं, आपल्या डोळ्यानं निवडून दुसरीच्या बोटाला देऊन टाकला. मोठा घेऊ दिला असता तर त्या गोऱ्या बोटावर शिळ्या माशाचा डोळा बसला असता आणि आपल्या कानांतल्या हरभऱ्यांना सोबत झाली असती. तिला स्वतःचाच एवढा राग आला की तांदूळ तीनदा जास्त धुतले गेले.

आमच्याकडे हिरा असा लगेच घरचा होत नाही. आधी त्याची राशी पाहतात, म्हणजे तो घराला लाभतो की बाधतो ते. वेंकूबाईंच्या घरचा नियम असा: चांदीच्या करंड्यात तांदूळ, तांदळावर हिरा, करंडा देवांपुढे, आणि शेजारी अखंड दिवा. तीन रात्री राहू द्यायचा, म्हणजे शुक्रवारी ठेवला की सोमवारी संध्याकाळी उचलायचा. मधे दिवा विझला, कुणी पडलं, दूध नासलं, तर हिरा परत. वेंकूबाईंनी हयातीत असे कितीतरी दगड परत केले होते. एक तर पाल चुकचुकली म्हणून. दलाल मंडळी ही रीत सांभाळून असत. हिरा परत घ्यावा लागला तरी तक्रार नसे.

दिव्याला तेल घालायचं काम भागीरथीचं. शनिवारी तिनं ते चारदा घातलं. प्रत्येक वेळी करंडा उघडला, दगड उचलला, ठेवला. रविवारी दुपारी घर झोपलेलं होतं. तिनं दगड डाव्या हाताच्या बोटावर, पेराच्या वर ठेवला आणि हात लांब धरून पाहिला. दिव्याची ज्योत त्यात हजार ठिकाणी नाचली. तिची जाड बोटंसुद्धा त्या क्षणी तिला बरी वाटली. मागे चाहूल लागली म्हणून तिनं वळून पाहिलं. दारात प्राणेश उभा होता, पाण्याचा तांब्या घेऊन. ती म्हणाली, "तेल पाहत होतें."

"पाहा कीं," तो म्हणाला आणि गेला.

सोमवारी सकाळपर्यंत ती नुसती जळत होती, करणार काही नव्हती. जळणं फुकट असतं, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण दुपारी पानसुपारीचं तबक लावता लावता वेंकूबाई सहज म्हणाल्या,

"सोनारास सांगून ठेवलें, अंगठी मागून उघडी करायची. पत्रा नको. बंद केला कीं दगडाचें तेज जातें."

भागीरथीचा हात थांबला. "हें तुमास कधीं कळलें, आत्या?"

"कधीं म्हणजे? पूर्वीपासून ठाऊक. माझ्या आईचे बंद करविले तेव्हांच सोनार बोलला होता. पण जुने दगड ते, मागें पत्रा असला कीं पडायची भीति नाहीं. घरांतल्या सुनेस चालतात." आणि त्या तबक घेऊन चार घरं पलीकडे निघून गेल्या.

घरातल्या सुनेला चालतात. बाहेरून येणारीला उघडे. भागीरथी देवघरात गेली. डोकं तापलं होतं, पण हात शांत होते. दिवा फुंकरीनं विझवू नये हे आईनं शिकवलेलं. दिवा फुलानं शांत करायचा. ती जे करणार होती त्यात कसला आलाय शास्त्रार्थ! तरी तिनं देवापुढची मोगऱ्याची एक पाकळी घेतली आणि वातीवर ठेवली. ज्योत बारीक झाली, धूर निघाला, झालं. मग ती परसात जाऊन वाळत घातलेल्या मिरच्या उलटत बसली.

वेंकूबाईंची किंकाळी तिथपर्यंत आली.

"अय्यो! दिवा गेला गे! तेल नव्हतें?"

"काठोकाठ आहे," भागीरथीनं दाखवलं. खरंच होतं.

"वारा?"

"खिडकी लावलेली."

"मग दोषम्‌च. नको तो दगड माझ्या घरांत. पोरीच्या बोटांत घातला असता तर काय जाहलें असतें!" वेंकूबाईंनी करंडा पदरानं धरला, जणू तो भाजत होता. कुणी कुणाला आणखी काही विचारलं नाही. विचारायला त्या घरात कुणाला सुचणार? दिवा माणसानं मुद्दाम शांत केला असेल हा विचारच आमच्याकडे पाप. संध्याकाळी प्राणेश आला, ऐकलं, देवघरात जाऊन दिवा उचलून पाहिला. वातीला चिकटलेली करपलेली पाकळी त्यानं बोटावर घेतली आणि खिडकीतून बाहेर टाकली. चेट्टियारांना निरोप गेला. दुसऱ्या दिवशी लहान दगड परत गेला आणि मोठा आला.

त्या मोठ्या दगडाची राशी किती उत्तम ठरली म्हणून सांगू! भागीरथीनं दिव्याची वात दर तासाला सारखी केली, तेल कमी पडू दिलं नाही, पाल दिसली तर केरसुणी घेऊन उभी राहिली. दूध नासलं नाही, कुणी पडलं नाही. वेंकूबाई म्हणाल्या, "पाहिलेंस? तुला मेलेला वाटला तो. लाभायचा असतो तोच लाभतो." भागीरथीनं मान डोलवली. मोठा दगड सोनाराकडे गेला.

शनिवारी प्राणेशची कचेरी लवकर सुटायची. भागीरथी मागच्या ओसरीवर भाजी चिरत होती. वेंकूबाई आत पडल्या होत्या. तो येऊन विळीसमोर बसला आणि खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. कागद कुठला हे तिला उघडण्याआधीच कळलं.

"चेट्टियारांशीं बोललों," तो म्हणाला. "जमेल आपल्यास. तुझ्यासाठीं घ्यायचा. नाकांत घाल, बोटांत घाल, तुझी मर्जी. फक्त मागून उघडा ठेव."

ती पुडीकडे बघत राहिली. तिनं एवढ्या वर्षांत या माणसाकडे एक गजरासुद्धा मागितला नव्हता, आणि त्यानंही न मागता आणला नव्हता.

"त्या दिवशीं तुला पाहिलें," तो म्हणाला. "अंगणांत. आणि रविवारीं देवांपुढें. आमच्या घरांत येऊन तूं कशाकडे असें पाहिलेंस कधीं? मला तरी आठवत नाहीं."

भागीरथीला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. "आत्या काय म्हणतील? दिवा गेला होता."

"दिवा आपणहून गेला नाहीं. वातीवर मोगऱ्याची पाकळी होती. कोणीं तरी शांत केला. अम्मानेंच केला असणार, सवयीनें, बाहेर जातांना." तो हसला. "मी विचारतों तिला. तिला आठवेल. मग दगडास दोष नाहीं हें तिलाच पटेल. तूं उजळ माथ्यानें घाल."

"नको विचारूं!"

हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की आत वेंकूबाईंनी कूस बदलल्याचा आवाज झाला. प्राणेशचं हसू गेलं.

भागीरथीच्या डोक्यात सगळं भराभर पुढे धावत होतं. विचारलं तर आत्या देवाची शपथ घेऊन सांगतील की मी हात लावला नाही. मग घरात दुसरं होतं कोण? बरं, आपणच सांगून टाकलं तर? आत्या आठ दिवस बोलणार नाहीत, मग बोलतील. पण दगड निर्दोष ठरला की तो जाईल कुठे? अंगठी अजून सोनाराकडेच आहे. आत्या म्हणतील, अरे, हा तर नागलक्ष्मीसाठीच घेतलेला, भागीरथीनंच निवडलेला. मोठा दगड काढायला सोनाराला कितीसा वेळ! आणि प्राणेश आईपुढे कधी अडून बसलाय की आता बसेल? खरं बोलायचं आणि वर दगड तिच्या बोटात घालायचा. तिच्या त्या निमुळत्या बोटात. मागून उघडा.

ते तिला सोसवेना. आपल्याला मिळणार नाही हे एक वेळ सोसलं असतं.

"मला नको," ती म्हणाली. "दिवा कसाही जावो. अपशकुनी म्हणून परत केलेला दगड मी कसा घालूं? मला भय वाटतें."

"तुला भय वाटतें?"

"हो."

प्राणेशनं तिच्याकडे पाहिलं. ती दगड जसा उजेडात धरून, वळवून, कुठून गळतं ते बघायची, तसं त्यानं पाहिलं. त्याला आत्ता कळलं, की पाकळी उचलली तेव्हाच कळलं होतं आणि तो तिला निसटायला वाट करून देत होता, ते मला सांगता येणार नाही. त्यानं पुडी तिच्या हातावरून उचलली, घडी नीट केली आणि खिशात टाकली.

"मला वाटलें, ह्या घरांत तूं तरी डोळ्यांनीं पाहतेस," तो म्हणाला. एवढंच. चपला घालून तो चेट्टियारांकडे गेला. भागीरथीनं उरलेली भाजी चिरली. वांगी होती, चिरून ठेवली ती पाण्यात टाकायचं राहिलं आणि सगळी काळी पडली.

निश्चय ओरत्तनाडूला झाला. अंगठी पाहायला बायकांची झुंबड. "केवढा आहे!" सगळ्या म्हणत होत्या, आणि वेंकूबाई नव्या सुनेचा हात ज्याला त्याला दाखवत होत्या. भागीरथीला त्या गर्दीतूनही मधलं राखाडी वर्तुळ दिसत होतं. ते बघून बरं वाटेल म्हणून ती आठवडाभर थांबली होती. बरं वाटलंही, जेवणाची पानं मांडेपर्यंत.

पानं मांडताना नागलक्ष्मी तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"अक्का, आत्यांनीं सांगितलें मला. तुमी माझ्यासाठीं आधीं दुसरा निवडला होता म्हणे. फार चांगला. खिडकीशीं बसून, वर्तमानपत्रावर ठेवून." तिनं अंगठीचं बोट दुसऱ्या हातानं झाकलं. तिला अंगठी दाखवायची नव्हती, बोलायचं होतं. "माझ्या नशिबांत नव्हता, दिवा गेला. पण तुमी माझ्यासाठीं चांगलाच निवडलांत, हें मी विसरणार नाहीं. सख्खी बहीणही एवढें करत नाहीं."

"बैस, पान मांडलें आहे," भागीरथी म्हणाली. त्या पोरीला मारावंसं वाटावं इतकी ती चांगली होती.

पुढे कितीतरी महिन्यांनी त्यागराज चेट्टियार कुणाच्या तरी कानांसाठी आळीत आले, तेव्हा भागीरथीनं दारातूनच विचारलं, तो लहान दगड गेला का? गेला, ते म्हणाले. पापनाशमच्या एका घरानं घेतला. मुलीच्या नाकात बसवला की बोटात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. राशी उत्तम निघाली म्हणाले, घरात लगेच नातू झाला.

तेव्हापासून भागीरथी संध्याकाळची भाजी बसस्टँडजवळच्या बाजारातून आणू लागली. मेलवीधीत भाजी मिळत नाही असं नाही. पापनाशमची बस यायची, धुरळा खाली बसायचा, आणि प्राणेश छत्री काखेत घेऊन उतरायचा.

"घ्यायला आलीस?" तो विचारायचा.

"हो," ती म्हणायची, आणि त्याच्या खांद्यावरून, त्याच्यामागून दांडीला धरून उतरणाऱ्या एकेका बाईच्या नाकाकडे आणि बोटांकडे बघत राहायची.